लावणं सोपं, तोडणं अवघड

आपल्या भागात एकेका घरात दोन भाषा सुखानं नांदतात. आई म्हणते, 'दिवा लाव', आजी म्हणते, 'लाईट हच्चु'. झोपायच्या वेळी एकजण म्हणतो 'मालव', दुसरा म्हणतो 'आरिसु'. गंमत अशी की, हे सगळे शब्द तेलाच्या दिव्याचे. वात गेली, रॉकेलची चिमणी गेली, एलईडीचा बल्ब आला, तरी दोन्ही भाषांतली क्रियापदं ज्योतीचीच राहिली. त्यामुळे आपल्या मनात कुठेतरी असं बसलेलं असतं की, बटण दाबलं म्हणजे आपण काहीतरी पेटवलं.

बटण काहीच पेटवत नाही. ते काय करतं हे सांगायला मला एक कानडी शब्द फार उपयोगी वाटतो. मराठीत गुंडी म्हणजे सदऱ्याची गुंडी. कानडीतही गुंडी म्हणजे बटण. पण कानडीत गुंडीचा आणखी एक अर्थ आहे, खड्डा. विजेचं बटण म्हणजे नेमका हाच प्रकार. विजेच्या वाटेवर मुद्दाम खणून ठेवलेला एक छोटासा खड्डा. बटण दाबलं की आतली पितळी पट्टी त्या खड्ड्यावर फळीसारखी पडते आणि वीज पलीकडे जाते. बटण परत वर केलं की फळी उचलली जाते.

मी कॉलेजात इतिहास शिकवतो. विजेचं शास्त्र हा माझा विषय नव्हे. पण या साध्या खड्ड्याबद्दल मला कुतूहल वाटू लागलं ते भोपाळमुळे. आमच्या सौभाग्यवतींचे मामा भोपाळला भेलच्या कारखान्यात नोकरीला होते. बेळगावहून गोवा एक्स्प्रेसमध्ये बसलं की गाडी न बदलता भोपाळला उतरता येतं, त्यामुळे आमचं तिकडे येणं-जाणं राहिलं. पिपलानीच्या वसाहतीत, त्यांच्या अंगणात बसून जे ऐकलं, आणि नंतर पुस्तकं चाळून जे पडताळून पाहिलं, ते आज वाचकांसमोर ठेवतो.

रहाटाची माळ

जुन्या विहिरीवरचा रहाट ज्यांनी पाहिलाय त्यांना विजेचं सर्किट समजायला दोन मिनिटंही लागणार नाहीत. रहाटाला गाडग्यांची एक माळ असते. ती खाली जाते, वर येते, पुन्हा खाली जाते. वाट पूर्ण गोल असते. ही माळ कुठेही एका ठिकाणी तुटली की सगळीच थांबते. वीजही अशीच गोल वाटेनं फिरते. फेजच्या तारेनं येते, दिव्यातून जाते, न्यूट्रलच्या तारेनं परत जाते. वाटेत कुठेही खंड पडला की सगळीकडचा प्रवाह त्याच क्षणी थांबतो.

मग कुणी विचारेल, कुठेही तोडलं तर चालत असेल तर बटण फेजच्या तारेवर काय नि न्यूट्रलच्या तारेवर काय, फरक काय पडतो? दिव्याला काहीच फरक पडत नाही. माणसाला मात्र पडतो. बटण चुकून न्यूट्रलवर बसवलं तर दिवा बंद होतो, पण होल्डरपर्यंत फेज जिवंतच राहतो. बटण बंद आहे या भरवशावर कुणी बल्ब बदलायला स्टुलावर चढतं आणि त्याला शॉक बसतो. म्हणून बटण नेहमी फेजवरच हवं. नवीन वायरिंग झाल्यावर टेस्टर लावून ही एक गोष्ट वायरमनकडून समोर तपासून घ्यावी. यात संकोच करण्याचं कारण नाही.

ठिणगीशी सामना

मामांनी मला एकदा विचारलं, "जावईबापू, बटण लावताना जास्त त्रास होतो की बंद करताना?" मी म्हटलं, दोन्ही सारखंच. ते हसले. "लावायला काय, कुणीही लावतो. तोडता आलं पाहिजे. आमच्या सगळ्या शॉपचा पगार तोडण्यासाठीच होता."

त्यांचं म्हणणं असं. वाहती वीज सहजासहजी थांबायला तयार नसते. दोन धातूंचे तुकडे एकमेकांपासून दूर होऊ लागले की मधल्या बारीक फटीतली हवा तापते, स्वतःच वीज वाहू देते आणि ठिणगी पडते. या ठिणगीचं तापमान काही हजार अंशांपर्यंत जातं. घरातल्या बटणात ती क्षणभर चमकते. अंधारात जुनं बटण बंद करताना कधीतरी निळसर उजेड दिसतो, तो हाच. बटण हळूहळू उघडलं तर ठिणगी जास्त वेळ टिकते आणि पट्टी जळते.

यावर इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या जॉन हेन्री होम्स या माणसानं १८८४ साली उपाय काढला. त्यानं बटणात असा खटका बसवला की, माणसानं बटण कितीही हळू दाबलं तरी आतली पट्टी झटक्यातच सुटते. आज आपल्या भिंतीवरच्या बटणाचा जो 'टक्' असा आवाज येतो, तो त्याच कल्पनेतून आलेला. तो आवाज मऊ झाला, बटण मधेच अडकू लागलं, किंवा हाताला गरम लागू लागलं, तर ते बटण म्हातारं झालं असं समजावं आणि बदलावं.

आपल्या घरच्या विजेचा आणखी एक उपकार आहे. ती एका दिशेनं सलग वाहत नाही. सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे होते, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा क्षणभर शून्यावर येते. त्या शून्याच्या क्षणी ठिणगीचा दम सुटतो आणि ती विझते. बॅटरीची आणि सोलर पॅनेलची वीज मात्र एकाच दिशेनं सलग वाहते, तिला शून्याचा क्षणच नसतो. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे छपरावर सोलर बसवणाऱ्यांची संख्या वाढली आहे. त्यांनी लक्षात ठेवायचं ते एवढंच की, पॅनेलच्या बाजूला घरगुती दिव्याचं बटण किंवा साधा एमसीबी चालत नाही. तिथे डीसीसाठीच बनवलेला स्विच लागतो. चार पैसे वाचवायला गेलं तर न विझणारी ठिणगी छपरावर बसते.

भोपाळचे मोठे स्विच

आता विचार करा. घरातल्या दिव्याला अर्धा अँपिअरही लागत नाही, तरी ठिणगी पडते. सबस्टेशनवर ११ हजार किंवा ३३ हजार व्होल्टच्या लाईनवर झाडाची फांदी पडली, शॉर्टसर्किट झालं, तर हजारो अँपिअरचा लोंढा सुटतो. तो तोडणारा स्विच कसला असेल?

असे स्विच बनवणारा देशातला एक जुना सरकारी कारखाना भोपाळला आहे. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात, १९५६ साली, हेवी इलेक्ट्रिकल्स या कंपनीची स्थापना झाली. इंग्लंडच्या असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीज या कंपनीचं तंत्रसाहाय्य होतं. १९७४ साली ही कंपनी भेलमध्ये विलीन झाली. ट्रान्सफॉर्मर, पाणचक्क्या, रेल्वे इंजिनांच्या मोटरी यांच्याबरोबर स्विचगिअर हे तिथलं महत्त्वाचं उत्पादन. देशभरातून तिथे नोकरीला माणसं गेली, त्यात मराठी होते, कानडीही होते. पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा या वसाहतींतून सगळ्या देशाची बोली ऐकू येते, असं मामा सांगतात.

मोठ्या स्विचला सर्किट ब्रेकर म्हणतात. म्हणजे नावातच 'तोडणारा' आहे. आजच्या ब्रेकरमध्ये धातूचे दोन तुकडे एका बंद बाटलीत असतात आणि त्या बाटलीतली हवा काढून घेतलेली असते. हवाच नाही, तर पेटायला काही उरत नाही. एक सेंटिमीटरच्या आसपास अंतर पडलं तरी पुरतं. अशा ब्रेकरला २५ हजार अँपिअरचा प्रवाह सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत तोडता यावा लागतो.

मला सगळ्यात आवडली ती पुढची गोष्ट. ब्रेकर उघडायला लागणारी ताकद आयत्या वेळी मागत नाहीत. एक जाड स्प्रिंग आधीच ताणून ठेवलेली असते. तिला सोडण्याचा हुकूम देणारी वीजही लाईनवरून घेत नाहीत, बॅटरीतून घेतात. कारण संकट येईल त्या वेळी लाईनची वीज असेलच असं नाही. संकटाच्या वेळी लागणारी शिदोरी संकटाच्या आधी बांधून ठेवायची, हा मोठ्या स्विचचा धर्म आहे.

हिरवं बटण, लाल बटण

हेच शहाणपण आपल्या शेतातल्या स्टार्टरमध्येही आहे. बोअरच्या किंवा नदीवरच्या मोटरीचा स्टार्टर आपण रोज पाहतो, पण आत काय चालतं याचा विचार करत नाही. मोटरीची जाड तारांची वाट वेगळी असते आणि तिच्यावर हुकमत चालवणारी बारीक तारांची वाट वेगळी. हिरवं बटण दाबलं की बारीक वाटेतून थोडी वीज एका गुंडाळीत, म्हणजे कॉइलमध्ये जाते. कॉइलचं लोहचुंबक होतं. ते लोखंडी पट्टी खेचून घेतं आणि मोटरीची जाड वाट जोडली जाते. आपण बोट काढलं तरी मोटर चालू राहते, कारण त्याच पट्टीबरोबर एक छोटा संपर्कही जोडला जातो, जो हिरव्या बटणाच्या जागी स्वतः उभा राहतो. स्टार्टर स्वतःचा हात स्वतःच धरून ठेवतो म्हणा ना.

लाल बटण उलट असतं. ते एरवी जोडलेलं असतं, दाबलं की तुटतं. ते तुटलं की कॉइलची वीज जाते, चुंबक सुटतं, स्प्रिंग पट्टीला मागे ढकलते आणि मोटर थांबते. मोटरीवर जास्त लोड आला तर ओव्हरलोड रिलेही हाच धागा तोडतो. आणि लाईट गेली, आपल्याकडे म्हणतात तसं 'करंट होगेति', तरी हेच होतं. लाईट परत आली की मोटर आपोआप सुरू होत नाही. पुन्हा हिरवं बटण दाबावं लागतं.

हा दोष नाही, ही मुद्दाम केलेली सोय आहे. मधल्या काळात कुणी पट्ट्याला हात घातला असेल, कुणी पाण्यात उतरून फुटव्हॉल्व्ह साफ करत असेल. मोटरीला ते दिसत नाही. म्हणून माणसानं येऊन पाहावं आणि मग सुरू करावी. पण रात्री-अपरात्री लाईट येते, उसाला पाणी पाजायचं असतं, म्हणून आपण ऑटो स्विच बसवतो, नाही तर हिरव्या बटणात काडी खुपसून ठेवतो. शेतकऱ्याची अडचण खरी आहे, मध्यरात्रीची लाईट त्यानं मागितलेली नसते. तरी त्या काडीनं आपण काय काढून टाकतो ते माहीत हवं. शिवाय लाईट आल्याबरोबर सगळ्या शिवारातल्या मोटरी एकदम ओढ घेतात आणि ट्रान्सफॉर्मर जळतो, म्हणून महावितरणही ऑटो स्विच काढा असं वारंवार सांगत आलं आहे.

या स्टार्टरमध्ये आणखी एक बारकावा आहे. मोटर दोन-तीन ठिकाणांहून चालवायची असेल तर सगळी हिरवी बटणं शेजारी-शेजारी, समांतर जोडतात. कुठलंही एक दाबलं की मोटर सुरू. लाल बटणं मात्र एकामागोमाग एक, माळेसारखी ओवतात. म्हणजे कुठलंही एक दाबलं की मोटर बंद. थांबवण्याचा अधिकार प्रत्येकाला असतो, आणि एकानं थांबवलेलं दुसऱ्याच्या हिरव्या बटणाला ऐकत नाही. मोठमोठ्या कारखान्यांतली नियंत्रणाची सर्किटंही मुळात याच दोन जोडण्यांवर उभी असतात. कुठे 'किंवा' म्हणायचं आणि कुठे 'आणि' म्हणायचं, एवढाच प्रश्न असतो.

भोंगा बंद केला गेला

भोपाळचं नाव घेऊन १९८४ सालाबद्दल न बोलणं बरोबर होणार नाही. मामांच्या अंगणात हा विषय निघाला की बोलणं थोडा वेळ थांबतं. पिपलानी त्या कारखान्यापासून काही किलोमीटर दूर, म्हणून घरचे सगळे वाचले. शहरातले असंख्य वाचले नाहीत.

२ डिसेंबरच्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यात ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरलं. टाकीत मिथाइल आयसोसायनेट हे विषारी रसायन होतं, सुमारे चाळीस टन. ते थंड ठेवणारी शीतकरण यंत्रणा १९८४ च्या मध्यापासून बंद होती. निसटलेला वायू जाळून टाकण्यासाठी उंच मनोरा होता, पण त्याच्याकडे जाणारा पाईपचा एक तुकडा दुरुस्तीसाठी काढून ठेवलेला होता. वायू धुऊन काढणारी यंत्रणा एवढ्या लोंढ्यापुढे अपुरी पडली. म्हणजे ताणून ठेवायच्या स्प्रिंगा त्या रात्री ताणलेल्या नव्हत्या.

आणि मग भोंगा. कारखान्यात दोन भोंगे होते, एक आतल्या कामगारांसाठी, दुसरा बाहेरच्या वस्तीसाठी. पूर्वी ते एकमेकांना जोडलेले होते. १९८२ साली ती जोडणी तोडली गेली. त्यामुळे आतला भोंगा वाजत ठेवून बाहेरचा बंद करणं शक्य झालं. लहानसहान गळतीनं लोकांत घबराट नको, असा त्यामागचा हिशेब. त्या रात्री एकच्या सुमारास बाहेरचा भोंगा थोडा वेळ वाजला आणि बंद केला गेला. पुन्हा सलग वाजला तो दोनच्या सुमारास. तोवर कारखान्यासमोरच्या जयप्रकाश नगरातली माणसं झोपेतून खोकत उठून रस्त्यावर धावत होती. मध्य प्रदेश सरकारनं पुढे दिलेला मृतांचा आकडा ३७८७ आहे, आणि खरा आकडा याहून कितीतरी मोठा असल्याचं पीडितांच्या संघटना सांगत आल्या आहेत.

भोंगा वाजत राहिला असता तर किती वाचले असते, हा हिशेब मी करणार नाही. पण इतिहासाचा मास्तर म्हणून एक गोष्ट मला दिसते. तिथल्या तारा तुटल्या नव्हत्या. बटण दाबल्याबरोबर भोंगा वाजला, बटण दाबल्याबरोबर बंद झाला. स्विचनं आपलं काम चोख केलं. चुकलं होतं ते दोन वर्षं आधी, कुणाचा धोका कुणाच्या बटणावर ठेवायचा हे ठरवताना. ज्यांचा जीव जाणार होता त्यांच्या हातात काहीच नव्हतं. एकाच शहरात एक कारखाना देशाला तोडण्याची विद्या पुरवत होता, आणि दुसऱ्यात संरक्षणाचे धागे एकेक करून सोडवले जात होते.

आपल्या घरातले धागे

वाचकहो, आता आपल्या मीटर बोर्डाकडे या. तिथेही हेच धागे असतात आणि आपणही ते गुपचूप सोडवत असतो.

फ्यूज वारंवार जातो म्हणून आपण त्यात जाड तांब्याची तार घालतो. फ्यूजची बारीक तार वितळावी म्हणूनच असते. ती वितळली नाही तर भिंतीतली वायर वितळते. एमसीबी वारंवार पडतो म्हणून काहीजण मोठ्या अँपिअरचा बसवतात. एमसीबीच्या आत लोडनं तापून वाकणारी एक पट्टी असते आणि शॉर्टसर्किट झालं की झटक्यात ओढणारी एक कॉइल असते. तो पडतो म्हणजे काहीतरी सांगतोय. सांगणाऱ्याला गप्प करून रोग बरा होत नाही. गिझर, इस्त्री, मोटर यांना सोळा अँपिअरचंच सॉकेट आणि बटण हवं, सहाच्या सॉकेटला पिन बदलून लावू नये.

पण फ्यूज आणि एमसीबी हे वायरचे राखणदार आहेत, माणसाचे नव्हेत. माणसाचा जीव जायला लागणारा प्रवाह इतका थोडा असतो की एमसीबीला त्याची दखलही नसते. त्यासाठी आरसीसीबी हवा. तो फेजनं गेलेली वीज आणि न्यूट्रलनं परत आलेली वीज सतत ताडून पाहतो. तीस मिलिअँपिअरचा फरक आढळला, म्हणजे तेवढी वीज कुणाच्या तरी अंगातून जमिनीत जात असावी, असं समजून क्षणात तोडतो. ओल्या हातानं गिझरला, कूलरला, वॉशिंग मशीनला हात लावणाऱ्या घरात तो नसणं बरं नव्हे. दोन्ही तारांना एकदम हात लागला तर त्याला कळत नाही, हेही ध्यानात असू द्यावं. चांगलं अर्थिंग त्याच्या जोडीला हवंच. त्याच्यावर 'टी' असं लिहिलेलं एक छोटं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबायचं. लाईट गेली तर ठीक, नाही गेली तर वायरमनला बोलवायचं. बहुतेक घरांत बसवल्या दिवसापासून ते बटण कुणी दाबलेलं नसतं.

आणि शेवटचं काम फुकटचं आहे. घरातल्या प्रत्येकाला, दहा वर्षांच्या नातवापासून आजीपर्यंत, मेन स्विच कुठे आहे आणि तो कसा खाली ओढायचा हे दाखवून ठेवा. बोर्डासमोर कपाट किंवा धान्याची पोती रचलेली असतील तर ती हलवा. कुणाला करंट लागला तर आधी त्याला हात लावायचा नाही, आधी मेन बंद करायचा, हे मुलांकडून दोनदा म्हणून घ्या. मेनशेजारी एक कागद चिकटवा, त्यावर मराठीत आणि कानडीत मोठ्या अक्षरांत 'मेन बंद' असं लिहा. घरात ज्याला जी भाषा आधी वाचता येते त्यानं ती वाचावी.